ढकलपत्र वर्गात येतं तेव्हा

काही वर्षांपूर्वी मी आठवीच्या पालकांच्या ग्रुपवर एक यादी टाकली. शिष्यवृत्तीच्या अर्जांना कागद कमी पडत होते, मुदत दोन दिवसांवर आली होती, आणि कार्यालयातून आलेली पीडीएफ होती तशी पुढे ढकलणं सगळ्यात सोपं होतं. यादीत नाव, इयत्ता, प्रवर्ग, जात, अपुरा कागद असे रकाने होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एका मुलाला त्याच्या बाकावरच्या मित्राने विचारलं, "तुम्ही ते आहात होय? मला वाटलं आमच्यातलेच." त्या दिवशी दोघांनी डबे वेगवेगळे खाल्ले. मला हे कळलं तीन आठवड्यांनी, मुलाच्या आईकडून. ती भांडायला आली नव्हती. "बाई, ती यादी ग्रुपवरून काढता येते का हो?" एवढंच विचारायला आली होती. काढता येत नव्हती. सगळ्यांच्या फोनवरून मेसेज पुसायची मुदत कधीच संपली होती, आणि यादी पन्नासेक फोनांत उतरून बसली होती.

आपल्याकडे शिक्षकांची दोन प्रशिक्षणं वेगवेगळी होतात. एक समतेचं, त्यात फुले-आंबेडकर, संविधानाची उद्देशिका आणि गटचर्चा. दुसरं डिजिटल साक्षरतेचं, त्यात पासवर्ड, ओटीपी आणि खोटी बातमी कशी ओळखावी. तज्ज्ञ वेगळे, पीपीटी वेगळी, फक्त जेवणाचा ठेकेदार तोच. माझ्या त्या एका पीडीएफने दोन्ही प्रशिक्षणं एकदम नापास केली. तेव्हापासून मी हे दोन विषय वर्गात वेगळे शिकवत नाही. तुम्हीही शिकवू नयेत, असं माझं मत आहे. खोटा मेसेज आपण डोळे झाकून पुढे पाठवतो, कारण त्यात ज्याच्यावर आळ असतो त्याच्याविषयीचा संशय आपल्या मनात आधीपासून तयार असतो. हा संशय ओळखायला शिकवलं नाही, तर फोटो उलटा शोधायची युक्ती शिकवून फारसं हाती लागत नाही.

"वंशवादाविरुद्धचं शिक्षण" हा शब्द ऐकला की आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो अमेरिकेचा प्रश्न वाटतो. जोतीराव फुल्यांना तसं वाटलं नव्हतं. १८७३ साली आलेली 'गुलामगिरी' त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. आपल्या वर्गात हा प्रश्न आडनावातून येतो, अंगाच्या रंगातून येतो, बोलीतून, डब्यातून, वस्तीच्या नावातून येतो. पुण्या-मुंबईच्या वर्गात तो ईशान्येकडून आलेल्या मुलीच्या डोळ्यांच्या ठेवणीवरून येतो. २०२० मध्ये अशा मुलींना रस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारल्या गेल्या. नेपाळी रखवालदाराच्या पोराला वर्गात कोणत्या नावाने हाक मारतात, हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत नसेल तर उद्या मधल्या सुट्टीत व्हरांड्यात दहा मिनिटं नुसतं उभं राहा.

आधी आपलं घर

सुरुवात मुलांपासून करू नका. कार्यालयापासून करा.

"शिष्यवृत्तीवाले उभे राहा" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे, आणि आपल्यातल्या कित्येकांनी म्हटलंही आहे. त्यात वाईट हेतू नसतो, वेळ वाचवायचा असतो. पण त्या एका वाक्याने वर्गाची सरळ दोन गटांत विभागणी होते आणि ती वर्षभर पुसली जात नाही. आता त्या वाक्याची जागा पीडीएफने घेतली आहे. फरक एवढाच की उभं राहिलेलं मूल निदान मिनिटभराने खाली बसत असे. यादी बसत नाही.

म्हणून नियम साधा ठेवा. ज्या कागदावर जात, प्रवर्ग, अपंगत्व, उत्पन्न किंवा आधार क्रमांक आहे, तो कागद कोणत्याही ग्रुपवर जाणार नाही. ज्याचा कागद अपुरा आहे त्याच्या पालकाला वेगळा मेसेज करायचा, तोही जातीचा किंवा योजनेचा उल्लेख न करता: "उत्पन्नाचा दाखला शुक्रवारपर्यंत हवा." ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी घडी घातलेली चिठ्ठी. ग्रुपवर फक्त सगळ्यांना लागू असलेली सूचना. वर्गाचा फोटो टाकायचा तर पालकांची संमती आधी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. शिक्षण हक्क कायदा तर २००९ पासूनच सांगतो की दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होऊ नये ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. मुख्याध्यापकांशी वाद घालायची वेळ आली तर ही कलमं पाठ असलेली बरी. माझा अनुभव असा की वाद फार वेळा होत नाही. लोकांना यात काही चुकतंय हेच कोणी सांगितलेलं नसतं.

दुसरं घर म्हणजे शिक्षकांचा ग्रुप. तिथे येणारी ढकलपत्रं पाहिली की आपण मुलांना कोणत्या तोंडाने शिकवणार असा प्रश्न पडतो. अमक्या धर्माचे लोक असे, तमक्या राज्यातले तसे, आणि वर 'प्रत्येकापर्यंत पोहोचवा'. अशा वेळी ग्रुपवर भाषण ठोकू नका. त्याने मेसेज टाकणारा हट्टाला पेटतो आणि बाकीचे अंगठे दाखवून मोकळे होतात. त्या सहकाऱ्याला फोन करा: "सर, तो व्हिडिओ जुना आहे, इथला नाही. आपल्याकडची दोन मुलं त्या समाजाची आहेत. काढाल का?" दहांतले सहा-सात जण काढतात. उरलेल्यांसाठी ग्रुपवर एकच ओळ, शांतपणे: हा व्हिडिओ कुठला, कधीचा, मूळ कुठे पाहता येईल. मग गप्प बसायचं.

राईनपाडा शिकवताना

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला त्या भागात आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्याआधी कित्येक दिवस फोनवर फिरत होते. जमावाने पाचही जणांना मारून टाकलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं.

त्या महिन्यांत देशभर फिरलेल्या एका व्हिडिओची गोष्ट मुलांना जरूर सांगा. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यात खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला उचलून निघून जातात. व्हिडिओ इथे संपतो. मूळ व्हिडिओ इथे संपत नव्हता. तो पाकिस्तानातल्या कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी बनवलेला होता. मोटारसायकल परत येते, मुलाला खाली उतरवते, आणि मूल पळवायला एक क्षणच लागतो, जपा, असा फलक माणूस दाखवतो. शेवटचा तुकडा कुणीतरी कापला, आणि पालकांना सावध करण्यासाठी केलेली फिल्म माणसं मारण्याचं निमित्त झाली.

हा धडा आठवीच्या खाली घेऊ नका, आणि मारहाणीचा व्हिडिओ कोणत्याही वर्गात, कोणत्याही कारणासाठी दाखवू नका. तो शोधायला मुलांना सांगूही नका. वर्गात भटक्या समाजातलं मूल असेल तर त्याच्याशी आणि घरच्यांशी आदल्या दिवशी बोला: उद्या हा विषय आहे, तुला बसायचं आहे का, बोलायचं आहे का, की नुसतं ऐकायचं आहे? तिन्ही उत्तरं चालतील.

मग फळ्यावर एकच प्रश्न लिहा. मुलं पळवणारे म्हणून लोकांना हेच पाच जण का वाटले? बाजारात त्या दिवशी बाहेरगावचे इतर लोकही असणार. व्यापारी असतील, टेम्पोवाले असतील. संशय कुणावर आला? मुलं पहिल्यांदा सांगतात, "ते अनोळखी होते." थांबा. "भिकारी होते." अजून थांबा. कुणीतरी हळूच म्हणतं, "अशा लोकांना चोरच समजतात." इथून खरा तास सुरू होतो. १८७१ मध्ये इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमाती त्यात भरडल्या गेल्या. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण फिरून पोट भरणारा माणूस म्हणजे चोर, हे समीकरण कायद्याबरोबर रद्द झालं नाही. मुलांना गावातलं विचारा: पाल ठोकून राहणाऱ्या माणसांबद्दल घरी काय बोलतात? उत्तरं ऐकताना चेहऱ्यावर राग किंवा धक्का दाखवू नका. तुमचा चेहरा बदलला की पुढचं मूल खरं बोलत नाही.

या तासात एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडले आहे. मुलं निष्कर्ष काढतात की तिथले लोक अडाणी होते, आदिवासी होते, म्हणून फसले. म्हणजे एका समाजावरचा शिक्का पुसताना आपण तो दुसऱ्यावर मारला. त्यांना सांगा, त्याच काळात अशाच अफवांनी देशाच्या वेगवेगळ्या टोकांना माणसं मारली गेली, त्यात इंजिनीअरही होता. आणि मेसेज पुढे पाठवणारे शहरातले, शिकलेले, फॅमिली ग्रुपवर रोज सुविचार टाकणारे लोक होते. आपल्या ओळखीचे.

त्याच जुलैत व्हॉट्सअपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पाठवण्यावर बंधन आणलं. 'फॉरवर्डेड' ही खूणही तेव्हाचीच, आणि खूप वेळा फिरलेल्या मेसेजवर दिसणारा दुहेरी बाण नंतरचा. मुलांना तो दुहेरी बाण दिसतो, पण त्याचा अर्थ बहुतेकांना ठाऊक नसतो. काहींना तर वाटतं, दोन बाण म्हणजे जास्त महत्त्वाचा. हे एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात.

पुढच्या तासाला एक फोन, एक अंगण आणि चार मुलं पुरतात. वीस सेकंदांचा प्रसंग मुलांनाच रचू द्या: एक मुलगा दुसऱ्याची बाटली उचलतो, नळावर नेतो, भरून आणून देतो. चित्रीकरण करा आणि शेवट कापा. पहिल्या दहा सेकंदांत तो चोर आहे. मग मुलांना विचारा की या अर्ध्या व्हिडिओखाली काय लिहिलं तर लोक चिडतील. मजकूर लिहायला मुलांना फार मजा येते, आणि इतकं सहज लिहिता येतं याची नंतर जराशी भीतीही वाटते. भूमिका वाटताना तुमची नजर ठेवा. चोर दिसणारं पात्र नेहमी सावळ्या, नेहमी त्याच वस्तीतल्या मुलाकडे जातं आहे का? वर्ग स्वतःहून तसंच वाटप करतो. मी ते काम स्वतःकडे घेते. बाटली चोरणारी बाई पाहून मुलं हसून लोळतात.

खरं चित्र, खोटी घटना

दुसरा धडा मला जास्त आवडतो, कारण त्यात कुणी मरत नाही आणि इतिहासाचा भागही पुढे सरकतो. फोनवर जहांगीर बादशहाचं एक लघुचित्र शोधा. अबुल हसन या चित्रकाराने १६१६ च्या सुमारास काढलेलं, आज ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून धनुष्य ताणतो आहे. समोर भाल्यावर खोचलेलं एका काळ्या माणसाचं मुंडकं, त्यावर घुबड. ते मुंडकं मलिक अंबरचं.

मुलांना विचारा, या चित्रावरून काय कळतं? "जहांगीरने मलिक अंबरला मारलं." बरोबर वाटतं ना? आता शोधायला लावा. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बदलत दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथली नहर त्याची. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत तो मोगल आणि आदिलशाही फौजांना भारी पडला, आणि त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले होते. १६२६ मध्ये तो ऐंशीच्या घरात असताना वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. जहांगीर त्याला कधीच मारू शकला नाही. जे रणात जमलं नाही ते कुंचल्याकडून करून घेतलं, आणि आपल्या आठवणी लिहितानाही त्याला रंगावरून हिणवत राहिला.

चारशे वर्षांपूर्वीचं हे चित्र अस्सल आहे. संग्रहालयात आहे, कुणी छेडछाड केलेली नाही, उलटा शोध घेतला तर 'खरं' असंच उत्तर येईल. आणि तरी त्यातली घटना घडलेली नाही. फोटो खरा आहे का, एवढंच विचारून थांबू नये हे मुलांना यापेक्षा चांगलं मी कशानेच शिकवू शकले नाही. हे कोणी करून घेतलं, कोणाला दाखवायला, आणि यात कोण लहान दिसतं, हे प्रश्न त्यांच्या तोंडात बसतात. वर आणखी एक फायदा होतो. 'हबशी' हा शब्द शिवी म्हणून फेकणाऱ्या पोराला कळतं की ज्या शहरात त्याची मावशी राहते, ते शहर एका हबशाने वसवलं.

शोधायचं कसं, याबद्दल थोडं. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि बातम्यांची पडताळणी करणारे यांना संकेतस्थळं तपासायला दिली होती. इतिहासकार आणि विद्यार्थी समोरचं पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि देखण्या बोधचिन्हाला, भारदस्त नावाला फसले. पडताळणीवाले क्षणात त्या पानावरून बाहेर पडले आणि त्या पानाबद्दल इतर काय म्हणतात ते बघायला लागले. इतिहासकार फसले हे वाचून मला, इतिहासाच्या बाईला, बरंच वाईट वाटलं. पण आपल्याकडच्या आजींना ही रीत कुणी शिकवावी लागत नाही. स्थळ आलं की बायोडाटा वाचून लग्न ठरवतं का कोणी? त्या गावात कुणी नातेवाईक आहे का ते शोधतात, शेजाऱ्याला विचारतात, दुकानदाराला विचारतात. मेसेजचंही तसंच करा, असं सांगितलं की पाचवीतल्या मुलालाही समजतं. चौकशी करायची ती स्थळाच्या दारात उभं राहून नाही, बाहेर.

फोनला न कळणारी मुलं

बोलून टाइप करायची सोय आता मुलांना फार आवडते. एकदा वर्गात प्रत्येकाला एक वाक्य फोनला सांगू द्या, घरी बोलतात तसं. पुस्तकी मराठी बोलणाऱ्याचं वाक्य झटकन उमटतं. अहिराणी बोलणाऱ्या मुलीचं वाक्य कशाचं काय होऊन बसतं, आणि कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्याच्या वाक्याचं तर विचारू नका. वर्ग हसतो. हसू द्या, पण ते कोणावर आहे ते लगेच बदला: "याला आपली भाषा येत नाही! कोण शिकवणार?" गोंडी द्रविड कुळातली, कोरकू मुंडा कुळातली. मराठीपेक्षा पूर्ण वेगळी घराणी आहेत ती, 'अशुद्ध मराठी' नव्हेत. हे त्या मुलालाही आजवर कुणी सांगितलेलं नसतं. मग त्या मुलाने फळ्यासमोर उभं राहून बाकीच्यांना पाच शब्द शिकवायचे, आणि उच्चार चुकला की त्याने हसायचं. त्याला तो हक्क आहे.

चेहऱ्यांचंही असंच. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. त्यानंतर प्रणाली सुधारल्या, पण कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे: ज्यांचे चेहरे यंत्राला जास्त दाखवले, त्यांनाच ते नीट ओळखू लागलं. चेहऱ्यावरून हजेरी घेणारी ॲप शाळांच्या दारात येऊ लागली आहेत. एखाद्या मुलीचा चेहरा पकडला गेला नाही, तर "जरा उजेडात ये, तोंड धुऊन ये" असं तिला सगळ्यांसमोर म्हणू नका. चूक ॲपची आहे असं मोठ्याने म्हणा आणि हजेरी वहीत मांडा.

आणि गॅदरिंगचे फोटो. आपल्याच फोनमधला चेहरे उजळवणारा फिल्टर आपण इतक्या सहज लावतो की तो लावला आहे हेच विसरतो. फोटो ग्रुपवर आला की सावळी मुलगी आधी स्वतःला शोधते, आणि तिला दिसते दुसरीच कुणीतरी. एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातून 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. आपल्या कॅमेऱ्याने अजून काही काढलेलं नाही. तो फिल्टर बंद करा, आणि फोटोत पहिल्या रांगेत दरवेळी तीच चार मुलं का असतात, तेही बघा.

एआयकडून गोष्ट किंवा प्रश्नपत्रिका तयार करून घेणारे सहकारी आता बरेच आहेत. मीही घेते. त्यातली नावं आणि आडनावं मोजून पाहा. डॉक्टर कोण आहे, भाजी कोण विकतं, सुट्टीत मामाच्या गावाला विमानाने कोण जातं. हे मोजायचं काम नववीच्या मुलांना द्या, आकडे फळ्यावर मांडू द्या. नंतर त्यांना आपल्याच जुन्या हस्तलिखितांतल्या गोष्टी मोजायला सांगा. यंत्र कुठून शिकलं हे तिथे सापडतं.

शब्द फेकला गेला की

एवढं सगळं करूनही एखाद्या दुपारी भूगोलाच्या तासाला मागच्या बाकावरून जातीचा किंवा धर्माचा शब्द येतो. तेव्हा काय करायचं?

वर्गासमोर एकच वाक्य: "हा शब्द या वर्गात चालत नाही. का, ते मी नंतर बोलेन." आणि भूगोल पुढे. लांबण लावली की दुखावलेल्या मुलाकडे सगळ्यांच्या माना वळतात. तास संपल्यावर आधी त्या मुलाकडे जा, बोलणाऱ्याकडे नाही. त्याला काय हवं आहे ते विचारा. घरी सांगायचं आहे? बाक बदलायचा आहे? की काहीच नको? माफी मागायला लावून हात मिळवायला लावू नका. त्यात समाधान फक्त आपलं होतं. मग बोलणाऱ्याला एकट्याला घ्या आणि हा शब्द कुठे ऐकला ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर रील असतं किंवा घर. रील असेल तर त्याच्याकडून ती समजून घ्या: ती कोण बनवतं, तुला पुढची तशीच का दिसली, एकदा थांबून पाहिली की फोन काय समजतो. घर असेल तर जपून. मुलाला बापाविरुद्ध उभं करायचं नाही. "घरी बोलतात ते घरी. इथे तू माझ्याबरोबर आहेस," एवढं पुरे.

शब्द मुलांच्या ग्रुपवर आला असेल, म्हणजे आपण ज्यात नाही त्या ग्रुपवर, तर फोन हिसकावून सगळं वाचत बसू नका. जेवढा मजकूर दाखवला तेवढा पाहा, स्क्रीनशॉट एकाच ठिकाणी ठेवा, आणि तो 'बघा काय चाललंय' म्हणत शिक्षकांच्या ग्रुपवर मुळीच टाकू नका. धमकी असेल, फोटो विकृत केलेले असतील, तर प्रकरण मुख्याध्यापक आणि पालकांकडे त्याच दिवशी गेलं पाहिजे. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवा.

१९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आयोवातल्या जेन एलियट या शिक्षिकेने तिसरीच्या वर्गात निळे डोळे आणि तपकिरी डोळे असे दोन गट पाडून, एकाला श्रेष्ठ ठरवून, भेदभाव कसा वाटतो ते मुलांना भोगायला लावलं होतं. तो प्रयोग जगभर गाजला, आणि आपल्याकडेही कुणीतरी उत्साहाने करून पाहतो. तुम्ही करू नका. तिच्या वर्गात सगळी मुलं गोरी होती. आपल्या वर्गात ज्यांना हे रोज भोगावं लागतं ती मुलं समोर बसलेली असतात. त्यांना त्याची तालीम नको.

पालकसभेत कुणीतरी म्हणणारच, "बाई, पोरांच्या डोक्यात जात घालू नका." मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगते. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. फुल्यांच्या शाळेत शिकणारी, जेमतेम चौदा वर्षांची मुलगी. तिच्या डोक्यात जात शाळेने घातली नव्हती. शाळेने तिला लिहायला शिकवलं. एवढं सांगून मी पुढच्या विषयाकडे वळते, सहसा सहलीच्या वर्गणीकडे. त्यावर जास्त गरमागरमी होते.

यंदा शिष्यवृत्तीची यादी आली तेव्हा लेखनिकांनी विचारलं, "बाई, एकतीस जणांना वेगवेगळं पाठवत बसणार?" मी हो म्हटलं आणि फोन चार्जिंगला लावून खुर्ची ओढली. त्यांनी चहा सांगितला. चहा येईपर्यंत अठरा झाले होते.